गोल घर आणि नायलॉनची दोरी

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेने ‘निवृत्तीनंतरचं आयुष्य’ या विभागासाठी माझ्याकडे लेख मागितला. पहिली दुरुस्ती इथेच करते. मी निवृत्त झालेली नाही. माझी मुलगी रेडमंडहून दर रविवारी फोन करून मला निवृत्त करते, माझे गुडघे तिला अधूनमधून दुजोरा देतात, पण मी दोघांचंही ऐकत नाही. येत्या उन्हाळ्यातही मी माणसं घेऊन मंगोलियाला जाणार आहे. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी पान उलटून पाककृती वाचाव्यात.

मी वसुधा. इकडे अमेरिकेत, कॅरी गावात राहते. आधी मी एका स्ट्रिप मॉलमधल्या छोट्या दुकानात भारताची तिकिटं विकायचे. लोक आपापली तिकिटं फोनवर काढायला लागले, दुकान बंद झालं, आणि मी तिकिटांऐवजी माणसांनाच घेऊन जायला लागले. माझी गिऱ्हाइकं सगळी आपलीच. कोणी निवृत्त डॉक्टर, कोणी निवृत्त इंजिनियर. मुलं मोठी होऊन लांब गेलेली आणि घरात न वापरलेल्या सुटकेसची रांग. सुरुवातीला त्यांना युरोपला नेलं. बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा. त्याचा मला मनापासून कंटाळा आला, म्हणून मंगोलिया. लोकांनी मला वेड्यात काढलं. म्हणे, म्हाताऱ्या माणसांना तंबूत झोपवणार? म्हटलं, हो, झोपवणार. झोप छान लागते.

तर तो तंबू. त्याला गेर म्हणतात आणि तो तंबू नाहीच, घर आहे. तिथले गुराखी त्यात जन्मभर राहतात. लाकडी जाळीची गोल भिंत, वर छत्रीच्या काड्यांसारखे वासे, त्यावर मेंढीच्या लोकरीचे जाड थर, बाहेरून पांढरं कापड, आणि या सगळ्याला कमरेशी आवळलेले दोर. मधोमध चूल. वरच्या गोल झरोक्याला टेकू म्हणून आत दोन खांब. दार नेहमी दक्षिणेला आणि इतकं बुटकं, की आपला प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी कपाळ आपटून घेतो. दारातून आत शिरलं की डावीकडे पाहुण्यांची जागा, उजवीकडे घरातल्या बाईची, म्हणजे भांडी, दूध, पाणी. समोर रंगीत पेटी आणि तिच्यावर देव आणि फोटो. ही मांडणी ठरलेली. कोणाच्याही गेरमध्ये जा, चूल तिथेच, पाणी तिथेच, देव तिथेच.

माझं काम नेमकं काय, असं लोक विचारतात. खाणं, शौचालय आणि रुसवे. खाण्याची सोय मेतकूट आणि भाजणी करतात. शौचालय गेरपासून लांब, उघड्या माळावर, लाकडी खोपटात असतं आणि त्याची कल्पना मी आधीच देते, फोटोसकट. रुसव्यांना मात्र उपाय नाही. एक गृहस्थ होते, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आयुष्य गेलेलं. त्यांनी कोपऱ्यातली खोली मागितली. मी म्हटलं, काका, गोल घर आहे, कोपरा नसतो. ते जरा वेळ विचार करून म्हणाले, तरी पण बघा ना, एखादी मिळते का. दुसऱ्या एक काकू घोडीच्या आंबवलेल्या दुधाला नाक मुरडून बसल्या आणि तिसऱ्या दिवशी वाटी पुढे करून आणखी मागायला लागल्या. ‘माझ्या मुलीला हे कळवू नकोस,’ असं त्यांनी मला बजावलं. मी अजून कळवलेलं नाही, आता अंकात वाचेल.

आणि आपल्या लोकांची दोरी. आपला माणूस एक वेळ पासपोर्ट विसरेल, पण बॅगेत नायलॉनची दोरी असतेच. रोजचे आतले कपडे रोज धुवायचे आणि खोलीत वाळत घालायचे. पॅरिसच्या हॉटेलात पडद्याच्या दांडीपासून दिव्यापर्यंत बांधलेल्या दोऱ्या मी पाहिल्या आहेत. गेरमध्ये शिरल्यावर आपल्या माणसाला काय दिसतं? चूल नाही, देव नाही. दोन सुरेख खांब दिसतात, दोरी बांधायला अगदी बेताच्या अंतरावर. म्हणून निघण्याआधी माझ्या घरी जी बैठक होते तिच्यात मी हेच सगळ्यात आधी सांगते, की बाबांनो, त्या खांबांना हात लावू नका, टेकू नका, मधून जाऊ नका आणि काहीही बांधू नका. तिथल्या लोकांना ते फार लागतं. सगळे माना डोलावतात.

शरयूताईंनीही मान डोलावली होती.

शरयूताई माझ्यापेक्षा पुष्कळ मोठ्या. भूलतज्ज्ञ डॉक्टर. हे लोक इकडे आले तेव्हा कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती, त्या पिढीतल्या. यजमान गेल्यापासून कॅरीतल्या त्यांच्या जुन्या घरात एकट्या राहतात. एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी सरळ विचारलं.

“वसुधा, मला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तुझा चेहरा जातो आणि मागचा फ्रिज दिसतो. नेतेस का मला मंगोलियाला?”

मी म्हटलं, नेते. विचार केला नाही आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्यांनी एकच अट घातली, नीलेशला सांगायचं नाही. त्याला चष्म्याचा नंबर वाढलाय एवढंच माहीत होतं.

नीलेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा, लांब दुसऱ्या राज्यात, प्लेनोला असतो. तो वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे. रोज आईला फोन करतो. पण त्याच्या मनाने घेतलं होतं, की आईने घर विकून प्लेनोला यावं. त्याच्या घराजवळच म्हाताऱ्यांसाठी एक चकचकीत जागा आहे, तिथे राहावं. वडील गेल्यावर घर मायलेकांच्या नावावर झालेलं, त्यामुळे त्याच्या सहीशिवाय काही व्हायचं नाही, आणि आईच्या वतीने सही करायचे कागदही त्याच्याकडेच, म्हणजे त्याच्या मनात आलं तर बरंच काही होऊ शकत होतं. शरयूताईंनी मंगोलियाचं काढल्यावर तो आधी हसला, मग घाबरला, आणि मग मला फोन करून म्हणाला, मावशी, मीही येतो, आई कशी मॅनेज करते ते बघायचंय. म्हणजे ती सहल नव्हतीच, परीक्षा होती, आणि पेपर तपासणारा बरोबर. नापास झाल्या तर घर गेलं.

मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला, हॉटेलात नाश्त्याच्या वेळी त्याने मला बाजूला घेतलं. आईला सांगू नकोस, म्हणाला, पण गुरुवारी घरी स्टेजिंगवाले येतायत. म्हणजे परीक्षेआधीच निकाल लावून मोकळा. हे स्टेजिंग ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. घर विकायला काढण्याआधी लोक येतात, तुमचं सामान हलवतात, निम्मं गॅरेजमध्ये कोंबतात, देवघरावर चादर टाकतात आणि फोटोसाठी घर असं करून ठेवतात की त्यात कधी कोणी आमटीला फोडणी दिलीच नव्हती. मी विचारलं, आईला हे चालणार आहे? तो म्हणाला, विचारलं होतं तिला, शी सेड, बघू. मी कपाळाला हात लावला. आपली आई ‘बघू’ म्हणते तेव्हा विषय संपलेला असतो, हे त्या पोराला पन्नाशी आली तरी कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला बुधवारपर्यंत मुदत दिली. तू सांग, नाहीतर मी सांगते.

मग आम्ही माळावर गेलो. शरयूताईंचं काय होणार म्हणून पहिल्या रात्री माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. मी शूर आहे असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. पण झालं उलटंच. पहिल्या मुक्कामी त्यांनी गेरमध्ये एकदा हात फिरवत चक्कर मारली, डावीकडे पलंग, मधे चूल, समोर पेटी. संपलं. दुसऱ्या मुक्कामी गेर दुसरी, पण मांडणी तीच. बाकीचे कपाळं चोळत ‘अगं, माझा चार्जर कुठे ठेवला’ करत होते आणि या वाकून आत जायच्या, चुलीला वळसा घालायच्या आणि थेट आपल्या पलंगावर बसायच्या. नीलेश बघत होता. मला म्हणाला, शी इज डूइंग ग्रेट. मी म्हटलं, मग?

अडचण फक्त बाहेर होती. गेरचं दार ते शौचालय यांच्यामध्ये नुसतं गवत. झाड नाही, कुंपण नाही, डोळ्यांच्या कडेने पकडायला काहीच नाही. तिकडे जाताना मी काहीतरी निमित्त काढून बरोबर जायचे. मंगळवारी आम्ही ओयुनच्या घरी मुक्कामाला गेलो. ओयुन ही तिथली पशुपालक बाई, चेहरा उन्हाने रापलेला, बोलणं कमी. आमचा ड्रायव्हर गन्बात, त्याला इंग्रजी येतं म्हणून तोच आमचा दुभाषीही. त्या दिवशी मला सर्दीने गाठलं आणि मी गोळी घेऊन झोपले. शरयूताईंनी मला उठवायचं नाही असं ठरवलं आणि बॅगेतलं नायलॉनच्या दोरीचं अख्खं भेंडोळं काढलं.

बुधवारी सकाळी ओयुन चूल पेटवायला आत आली आणि उभीच राहिली. दोरीचं एक टोक आतल्या खांबाला, दुसरं दाराच्या फटीतून बाहेर, थेट शौचालयाच्या खोपटापर्यंत. पलंगावरून उठायचं, दोरी धरायची आणि निघायचं. हुशारीच म्हणायची, फक्त खांब चुकला. ओयुन ओरडली नाही. तिने गाठ सोडली, खांबावर जिथे दोरी होती तिथे तळहात ठेवला आणि गन्बातला हाक मारली. तो खाली बघत म्हणाला, ती म्हणते, हे घराच्या मानेला दोर बांधण्यासारखं आहे, कोणी केलं आणि का केलं.

एवढ्यात नीलेश दारात आला. मी पटकन पुढे झाले आणि सांगून टाकलं, कपडे वाळत घालायला बांधली असेल, आमच्या लोकांना सवय आहे. कोणालाही पटलं असतं. आमची बदनामी मी स्वतःच तर वर्षानुवर्षं करत आलेय.

“खोटं कशाला, वसुधा?” शरयूताई म्हणाल्या. त्या उठल्या, ओयुन उभी होती तिकडे वळल्या आणि हात जोडले. “गन्बात, तिला सांग, मला नीट दिसत नाही. बाहेरची वाट सापडावी म्हणून बांधली. माझं चुकलं. ज्या घरात झोपले त्या घराचा अपमान केला.”

गन्बातने सांगितलं. आईचं बोलणं नीलेशलाही ऐकू गेलं होतं. तो माझ्याकडे वळला.

“मावशी, यू न्यू?”

“हो.”

“आणि तरी आणलंस तिला?”

“त्या आल्या. मी फक्त तिकीट काढलं.”

मग तो जे बोलला ते सगळं लिहीत नाही. माझ्याबद्दल जे बोलला ते लिहायलाही हरकत नव्हती, पण जागा कमी आहे. शेवटी आईला म्हणाला, आता विषय संपला, उद्या माणसं येतायत, तू परत जाशील तोपर्यंत घर लिस्ट झालेलं असेल, तू थेट प्लेनोला चल. असं, उभ्या उभ्या. मी त्याला मुदत दिली होती ती ही अशी पाळली.

शरयूताई पलंगावर बसल्या. आवाज चढवला नाही. ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाशी बोलत असतील तसं बोलल्या.

“नीलेश, त्या घरात मी चहा करते, पूजा करते, जिना उतरते. तिथे मला बघावं लागत नाही. तिथे मी आंधळी नाही. तू मला प्लेनोला नेशील ना, त्या दिवशी मी आंधळी होईन.”

“आई, इट्स अबाउट सेफ्टी,” एवढंच म्हणून तो बाहेर गेला.

हा सेफ्टी शब्द मी फार ऐकलाय. माझी मुलगीही तोच वापरते. मुलांना आपली काळजी वाटते हे मला मान्य आहे, त्यांची माया मला दिसते. पण ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवून सुखरूप जागं केलं, तिला उठायचं कुठे आणि बसायचं कुठे हे विचारायचंसुद्धा नाही? मला त्या दिवशी असा संताप आला होता की सर्दी पळाली. मीही बाहेर आले. बघते तर ओयुन गेरच्या कमरेच्या दोराला, बाहेरच्या अंगाने, आमची नायलॉनची दोरी बांधत होती. दारालगत एक गाठ, दुसरी खोपटाच्या खांबाला. तिथे शिंगरं बांधायला असे दोर ताणलेले असतात, तसाच ताणला. मग आत जाऊन तिने शरयूताईंचा हात धरला, बाहेर आणला आणि दोरीवर ठेवला. गन्बातला भाषांतर करावं लागलं नाही.

गुरुवारी ओयुनच्या घरच्यांना गवतासाठी शेजारच्या खोऱ्यात मुक्काम हलवायचा होता. पाहुणे असले तर हातभार लावतात, आम्हीही लावला. गेर उतरवायला वेळ लागत नाही. सगळं घर एका ट्रकवर मावलं. नव्या जागी गंमत अशी, की आधी जमिनीवर चूल, पेट्या आणि पलंग मांडतात आणि मग त्यांच्याभोवती भिंत उभी करतात. शरयूताई थोड्या अंतरावर व्हॅनमध्ये बसल्या होत्या. नीलेश कालपासून रुसलेला होता, पण अंगमेहनतीला मागे नव्हता. त्याने आणि गन्बातने पाण्याचं पिंप आणून ठेवलं. ओयुनने ते जरा सरकवायला लावलं. मग पुन्हा, आणखी जरासं. नीलेशला घाम फुटला होता. त्याने वैतागून विचारलं, काय फरक पडतो. गन्बातने ओयुनला विचारलं आणि तिचं उत्तर सांगितलं, की अंधारात मूल रडलं आणि पाणी हवं असलं तर मी आधी दिवा शोधू का?

नीलेशने पिंप सरकवलं.

भिंत उभी राहिली, छप्पर चढलं, दोर आवळले. ओयुनने आमची दोरी बाहेर ताणली आणि मगच चुलीवर चहा ठेवला. मी शरयूताईंना दारापर्यंत आणून सोडलं. हे खोरं त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्या वाकल्या, आत गेल्या, चुलीला वळसा घातला, पलंगावर बसल्या. ओयुनने चहाचा थर्मास आणि वाट्या शेजारी, रोजच्याच जागी ठेवल्या होत्या. त्यांनी हात लांबवून बरोबर वाटी उचलली, तिच्यात तो तिथला मिठाचा चहा ओतला आणि दाराकडे धरली, तिथल्या रीतीप्रमाणे उजव्या हातात. दारात नीलेश होता. त्याने वाटी घेतली, पण प्यायला नाही. आधी आईकडे बघितलं, नंतर पाण्याच्या पिंपाकडे. मग त्याने गन्बातला विचारलं, फोनला रेंज कुठे मिळते?

तिकडे रेंज टेकडीवर मिळते. संध्याकाळ होती, भरपूर उजेड होता, आणि कॅरीत नुकतीच गुरुवारची सकाळ उजाडली होती. तो टेकडी चढला. माझा त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून धापा टाकत मीही चढले. वर पोहोचले तेव्हा तो वाऱ्यात ओरडत होता, नो, डोन्ट मूव्ह एनीथिंग. पलीकडची स्टेजिंगवाली बाई काहीतरी म्हणाली आणि त्याचा चेहरा पडला. माणसं लवकर आली होती. सोफा हलला होता, टेबल हललं होतं, गालिचा गुंडाळला होता. तो म्हणाला, मग परत ठेवा, होतं तिथेच ठेवा. ती म्हणाली, कुठे होतं?

ज्या घरात लहानाचा मोठा झाला, त्या घरात सोफा कुठे असतो ते नीलेशला सांगता येईना. त्याने फोन माझ्या हातात कोंबला, रेंज जाऊ देऊ नकोस म्हणाला आणि उतारावरून धावत सुटला. मी दोन्ही हात वर करून फोन धरून उभी राहिले. या वयात.

तो परत आला तेव्हा शरयूताईंचा हात त्याच्या कोपरावर होता. आई, दगड आहे, आई, खड्डा आहे, असं त्याचं चाललेलं आणि या म्हणत होत्या, दिसतोय रे, कडेचा दिसतो. वर येऊन त्यांनी श्वास घेतला. त्याने फोनचा स्पीकर लावून त्यांच्या तोंडाशी धरला. त्या डॉक्टरी इंग्रजीत सांगायला लागल्या. सोफ्याची पाठ मोठ्या खिडकीला, भिंतीपासून वीतभर सोडून. त्याच्या उजव्या हाताला फोनचं तिवई-टेबल. गालिच्याची झालर जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकली पाहिजे, कारण ती पायाला लागली की जिना आला. देवघराच्या खालची चटई सारखी करायची नाही, ती वाकडीच असते. वाऱ्याने त्यांची ओढणी उडत होती. डोळे मिटलेले होते.

पलीकडची बाई गोंधळली. तिने अदबीने विचारलं, मॅम, तुमच्याकडे घराचा एखादा फोटो आहे का?

“फोटो कशाला?” शरयूताई म्हणाल्या. “मी आत उभी आहे.”

मग त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. म्हणजे टेकडीवर डावीकडे वळल्या, मोजून पावलं टाकली, थांबल्या आणि हात पुढे करून म्हणाल्या, डायनिंग टेबल इथे.

नीलेश नेमका तिथेच उभा होता. तो बाजूला झाला.